कंपन्यांच्या सामाजिक कार्यांची निवड

कंपन्यांच्या सामाजिक कार्यांची निवड म्हणजे नफ्याचा काही भाग समाजोपयोगी कामांवर खर्च करताना कोणते काम, कोणते ठिकाण आणि कोणती संस्था यांना मदत द्यायची, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. भारतात ही प्रक्रिया मुख्यतः कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ नुसार चालते. या खर्चाला कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात. सीएसआर हे त्याचे संक्षिप्त नाव मराठीतही रूढ आहे. किती रक्कम खर्च करावी हे कायदा ठरवतो, परंतु कशावर खर्च करावी याचा निर्णय ठरावीक विषयांच्या मर्यादेत कंपनीच्या संचालक मंडळावर सोडलेला आहे. त्यामुळे एखाद्या भागाची गरज किती तीव्र आहे, यासोबतच ती गरज कंपनीच्या निकषांत बसते का, यावरही मदत अवलंबून राहते. मुंबई उपनगर जिल्ह्यातील आरे कॉलनीत ही बाब स्पष्टपणे दिसते.

पार्श्वभूमी

कायदा होण्यापूर्वीही भारतातील उद्योगसमूह सामाजिक कामांना मदत करीत असत. त्या काळी कामाची निवड बहुधा संस्थापक किंवा त्यांचे कुटुंब करीत असे. मेहरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर १९३२ मध्ये लेडी टाटा स्मारक न्यास स्थापन झाला आणि सर दोराबजी टाटा न्यासाच्या पुढाकाराने १९४१ मध्ये परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. याच न्यासाने १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था काढली. ती पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली आणि सध्या देवनार येथे आहे. वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी महात्मा गांधींच्या विधायक कार्याला पाठबळ दिले. धनिकांनी संपत्तीचे मालक न राहता समाजाच्या वतीने तिचे विश्वस्त व्हावे, हा गांधींचा विश्वस्ततेचा विचार या परंपरेमागे होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत या विषयावर सैद्धांतिक चर्चा झाली. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये, कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी आहे, अशी भूमिका मांडली. भागधारकांचा पैसा व्यवस्थापनाने स्वतःच्या आवडीच्या कार्याला देऊ नये, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. याउलट मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २००६ व २०११ मधील लेखांत, कंपनीने आपल्या व्यवसायाशी जोडलेले सामाजिक प्रश्न निवडावेत, म्हणजे समाज आणि कंपनी या दोघांचाही लाभ होतो, असे प्रतिपादन केले. अनेक कंपन्यांच्या सीएसआर धोरणांवर या दुसऱ्या विचाराचा प्रभाव दिसतो.

कायदेशीर चौकट

कलम १३५ दिनांक १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या मागील आर्थिक वर्षात पुढीलपैकी कोणतीही एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला ते लागू होते:

- निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये किंवा अधिक
- उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक
- निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक

अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम दरवर्षी खर्च करायची असते. उदाहरणार्थ, सरासरी नफा ६० कोटी रुपये असेल, तर वर्षाचे दायित्व १ कोटी २० लाख रुपये होते.

खर्च कोणत्या विषयांवर करता येतो, हे अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत दिलेले आहे. भूक व कुपोषण निर्मूलन, आरोग्य, स्वच्छता व पिण्याचे पाणी, शिक्षण व उपजीविका, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण व जैवविविधता, सांस्कृतिक वारसा, माजी सैनिक, क्रीडा, केंद्र शासनाचे ठरावीक निधी, विज्ञान संशोधन, ग्रामीण विकास, झोपडपट्टी विकास आणि आपत्ती व्यवस्थापन यांचा तीत समावेश होतो.

पुढील गोष्टी सीएसआर खर्चात धरल्या जात नाहीत:

- कंपनीचा नेहमीचा व्यवसाय
- केवळ कर्मचाऱ्यांच्या लाभाची कामे
- राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या
- उत्पादनाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व
- अन्य कायद्याने बंधनकारक केलेली कामे

कर्मचाऱ्यांनी स्वयंसेवक म्हणून दिलेल्या वेळेचे पैशांत रूपांतर करून तो खर्चात दाखविण्यासही परवानगी नाही.

सुरुवातीला खर्च न झाल्यास त्याचे कारण अहवालात देणे पुरेसे मानले जाई. २२ जानेवारी २०२१ पासून हा नियम कडक झाला. चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन आर्थिक वर्षांत वापरावी लागते. प्रकल्प चालू नसेल, तर ती रक्कम सहा महिन्यांत अनुसूचीतील एखाद्या निधीत जमा करावी लागते. नियमभंगासाठी आर्थिक दंड आहे. या बदलामुळे वेळेत पूर्ण होऊ शकणाऱ्या कामांचे महत्त्व वाढले.

निवडीची प्रक्रिया

कंपनीच्या संचालक मंडळाची एक सीएसआर समिती असते. तीत साधारणतः तीन किंवा अधिक संचालक असतात आणि त्यांपैकी किमान एक स्वतंत्र संचालक असतो. वार्षिक दायित्व ५० लाख रुपयांपेक्षा अधिक नसल्यास स्वतंत्र समितीची आवश्यकता नसते; तिचे काम संचालक मंडळच करते. समिती धोरण व वार्षिक कृती आराखडा तयार करते आणि संचालक मंडळ त्याला मान्यता देते. अंमलबजावणी कंपनी स्वतः करू शकते किंवा नोंदणीकृत न्यास, संस्था अथवा कलम ८ खालील कंपनीमार्फत करवून घेऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थांना केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. कंपनीने अथवा शासनाने स्थापन न केलेल्या संस्थेला अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो.

या अटींमुळे गैरव्यवहाराला आळा बसतो. मात्र नोंदणी, करसवलतीची प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षित हिशेब नसलेली वस्तीपातळीवरील मंडळे, बचत गट किंवा पाड्यांतील तरुणांचे गट थेट निधी मिळवू शकत नाहीत. त्यांना एखाद्या मोठ्या संस्थेच्या माध्यमातून यावे लागते. परिणामी, वस्तीची गरज काय आहे हे कंपनीला अनेकदा मध्यस्थ संस्थेच्या प्रस्तावातूनच कळते.

निवडीवर परिणाम करणारे घटक

व्यवसायाशी संबंध

कंपनीकडे ज्या विषयाचे ज्ञान, मनुष्यबळ किंवा वितरणव्यवस्था असते, त्या विषयाकडे तिचा कल असतो. औषधनिर्मिती कंपन्या आरोग्याकडे आणि माहिती-तंत्रज्ञान कंपन्या शिक्षण व कौशल्य प्रशिक्षणाकडे वळताना दिसतात. यात कामाचा दर्जा वाढण्याची शक्यता असते. तसेच मदत आणि बाजारपेठ यांतील सीमारेषा पुसट होण्याचा धोकाही असतो.

ठिकाण

कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ म्हणते. मंत्रालयाच्या २०२१ मधील स्पष्टीकरणानुसार ही तरतूद मार्गदर्शक आहे आणि कंपन्यांनी स्थानिक गरजा व राष्ट्रीय प्राधान्ये यांत समतोल राखावा. कारखाना असलेल्या कंपनीचा परिसर ठरविणे सोपे असते. बँक किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत तो ठरविणे अवघड असते.

मोजता येणारे फलित

वार्षिक अहवालात लाभार्थींची संख्या, बांधलेल्या खोल्या किंवा लावलेली झाडे असे आकडे सहज देता येतात. ज्या कंपन्यांचे सरासरी दायित्व मागील तीन वर्षांत १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांना १ कोटी रुपये वा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे, ते पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावे लागते. संघटन, कायदेविषयक मदत किंवा हक्कांची जाणीव या कामांचे फलित अशा पद्धतीने मांडणे कठीण जाते.

वाद व परवानग्या

जमिनीची मालकी वादात असेल, प्रकरण न्यायप्रविष्ट असेल किंवा शासनाच्या धोरणाशी संघर्ष येणार असेल, तर असे काम संचालक मंडळाला जोखमीचे वाटते. कंपनी स्वतः अनेक परवान्यांसाठी शासनावर अवलंबून असते, हेही त्यामागील एक कारण असते.

शासकीय आवाहन

कोविड साथीच्या काळात २३ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने साथीवरील खर्च सीएसआरमध्ये धरण्यास मान्यता दिली. त्यानंतर पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कमही पात्र ठरविण्यात आली. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेली रक्कम मात्र पात्र नसल्याचे एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट करण्यात आले. या भेदावर महाराष्ट्रासह काही राज्यांत टीका झाली. पात्रतेची यादी बदलली की पैशांचा ओघही बदलू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

मुंबई उपनगरांतील उदाहरणे

विक्रोळी येथे ठाणे खाडीच्या काठावर गोदरेज समूहाच्या जमिनीवर कांदळवनाचे मोठे क्षेत्र राखण्यात आले आहे. त्याच्या अभ्यासासाठी व संवर्धनासाठी १९८५ मध्ये सूनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाने सागरी परिसंस्था केंद्र सुरू झाले. येथे कंपनीचा परिसर, तिच्या ताब्यातील जमीन आणि निवडलेले कार्य या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. हे काम सीएसआर कायद्याच्या कितीतरी आधीचे आहे.

घाटकोपरमधील आझाद नगर येथे हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीने २०१६ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या सहकार्याने ‘सुविधा’ हे सामुदायिक स्वच्छता केंद्र सुरू केले. शौचालये, स्नानगृहे, हात धुण्याची व कपडे धुण्याची सोय आणि पिण्याचे शुद्ध पाणी अशा सेवा तेथे एका इमारतीत शुल्क आकारून दिल्या जातात. साबण व स्वच्छतेची उत्पादने विकणाऱ्या कंपनीने स्वच्छतेचा प्रश्न निवडणे हे व्यवसायाशी निगडित निवडीचे ठळक उदाहरण मानता येते. महानगरपालिकेचा सहभाग असल्याने जागेचा प्रश्नही सुटला.

कांदिवली येथे कारखाना असलेल्या महिंद्र समूहाचा मुलींच्या शिक्षणासाठीचा ‘नन्ही कली’ हा उपक्रम १९९६ पासून चालू आहे. वाहने व ट्रॅक्टर यांच्या निर्मितीशी त्याचा थेट संबंध नाही. नेतृत्वाने निवडलेला एक विषय दीर्घकाळ चालविण्याचा हा नमुना आहे.

आरे कॉलनी

परिसर

गोरेगावच्या पूर्वेला असलेली आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. शहरातील गोठे एका ठिकाणी हलवून मुंबईला स्वच्छ दूध पुरविणे हा तिचा उद्देश होता. तत्कालीन दूध आयुक्त दारा खुरोडी यांचा या योजनेत मोठा वाटा होता. त्यांना १९६३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वसाहतीचे मूळ क्षेत्र सुमारे १,२८७ हेक्टर असून ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. गोठ्यांची युनिट, चित्रनगरी, राज्य राखीव पोलीस दलाची जागा, बागा, गवताळ जमीन, झोपडपट्टी आणि आदिवासींचे २७ पाडे असा येथील वापर संमिश्र आहे. पाड्यांत प्रामुख्याने वारली समाजाची वस्ती आहे. परिसरात बिबट्यांचा नियमित वावर आहे.

आरेच्या दक्षिणेस सीप्झ आणि मरोळचे औद्योगिक क्षेत्र, तर पश्चिमेस गोरेगावातील कार्यालयसंकुले आहेत. सीएसआर कायदा लागू असलेल्या अनेक कंपन्यांच्या दृष्टीने आरे हा अक्षरशः कामकाजाचा परिसर ठरतो. पर्यावरण, आदिवासी कल्याण, पाणी, स्वच्छता, शिक्षण, झोपडपट्टी विकास आणि पशुकल्याण हे सातव्या अनुसूचीतील विषयही येथे एकाच ठिकाणी आढळतात.

मेट्रो कारशेडचा वाद

कुलाबा–वांद्रे–सीप्झ या मेट्रो मार्ग ३ साठी आरेतील सुमारे ३३ हेक्टर जागेवर कारशेड उभारण्याच्या निर्णयाला नागरिक, पर्यावरणवादी संघटना व आदिवासी रहिवासी यांनी विरोध केला. वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये वृक्षतोडीला परवानगी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्यानंतर त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्याचा आदेश दिला. तोपर्यंत २,१४१ झाडे तोडण्यात आली होती. राज्य शासनाने २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलविण्याचे आणि आरेतील सुमारे ८१२ एकर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर करण्याचे ठरविले. २०२२ मध्ये नव्या शासनाने कारशेड पुन्हा आरेत आणली. ८४ झाडे तोडण्याची मुभा मिळाली असताना त्याहून अधिक झाडांसाठी अर्ज केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०२३ रोजी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनला १० लाख रुपये भरण्यास सांगितले, मात्र १७७ झाडे काढण्यास परवानगी दिली. या मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला.

वृक्षारोपण व कायदेशीर दायित्व

कारशेडच्या वादामुळे सीएसआरमधील एक महत्त्वाचा फरक समजून घेणे आवश्यक ठरते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी झाडे लावणे बंधनकारक असते. अशी भरपाईची लागवड हे अन्य कायद्याखालील दायित्व असल्याने ती सीएसआर खर्च म्हणून दाखविता येत नाही. एखाद्या कंपनीने स्वेच्छेने केलेली लागवड मात्र पर्यावरण या विषयाखाली पात्र ठरते. पाहणाऱ्याला दोन्ही रोपे सारखीच दिसतात. परंतु पहिले रोप झालेल्या हानीची भरपाई असते आणि दुसरे मदत.

वृक्षारोपण व स्वच्छता मोहीम हे आरेमध्ये कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या सहभागाने होणारे नेहमीचे उपक्रम आहेत. कार्यालयापासून जवळ असलेली जागा, एका दिवसात होणारे काम आणि मोजता येणारी संख्या यांमुळे ते सोयीचे ठरतात. त्यांच्या मर्यादाही आहेत. रोप लावण्याइतकेच महत्त्व त्याला पहिली दोन-तीन वर्षे पाणी देणे, गुरांपासून राखणे आणि उन्हाळ्यातील वणव्यापासून वाचविणे यांना असते. शिवाय आरेतील गवताळ जमीन ही रिकामी पडीक जमीन नसून ती स्वतंत्र परिसंस्था आहे; तेथे सरसकट दाट लागवड केल्यास मूळ अधिवास बदलू शकतो.

पाड्यांच्या गरजा

पाड्यांतील रहिवाशांनी वेळोवेळी केलेल्या मागण्यांत नळाचे पाणी, वीज, रस्ते व पथदिवे, शौचालये, आरोग्यसेवा आणि जमिनीवरील हक्कांची मान्यता यांचा समावेश होतो. पथदिवे, शौचालये आणि कचऱ्याची नियमित उचल यांचा बिबट्यांपासूनच्या सुरक्षिततेशीही संबंध आहे. कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि त्यांच्यामागे बिबटे वस्तीजवळ येतात. अंधारात उघड्यावर शौचास जाणाऱ्यांना, विशेषतः लहान मुलांना, त्याचा धोका पोहोचतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरेत बिबट्याच्या हल्ल्यात एका बालिकेचा मृत्यू झाला.

यांपैकी बहुतेक गरजा अनुसूचीत बसतात. अडचण परवानगीची असते. वसाहतीची बरीचशी जमीन दुग्धव्यवसाय विकास विभागाच्या ताब्यात आहे. काही भाग वन विभागाकडे, तर काही इतर शासकीय संस्थांकडे आहे. जलवाहिनी, शौचालय किंवा विजेचा खांब यांसारख्या कायमस्वरूपी कामासाठी संबंधित विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी मिळेल याची खात्री नसल्यास कंपनीला तो प्रकल्प हाती घेणे अवघड जाते. शालेय साहित्य, आरोग्य तपासणी शिबिर, सौर दिवे किंवा रोपे यांना अशी अडचण तुलनेने कमी येते. जमिनीच्या हक्कांचा प्रश्न तर मूलतः शासनाच्या अखत्यारीतील आहे. कंपनीच्या निधीतून तो सुटू शकत नाही. त्यामुळे कायमस्वरूपी सोयींपेक्षा तात्पुरत्या मदतीकडे निवड झुकण्याची शक्यता अधिक असते.

टीका आणि सुधारणेच्या सूचना

सीएसआर निधीच्या भौगोलिक विषमतेवर वारंवार टीका होते. हा निधी सर्वाधिक मिळणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र अग्रस्थानी असतो. तथापि कंपन्यांची कार्यालये व कारखाने प्रामुख्याने मुंबई, ठाणे आणि पुणे परिसरात असल्याने गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आकांक्षित जिल्ह्यांना त्याचा पुरेसा वाटा मिळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. आरेचे उदाहरण या चर्चेत आणखी एक मुद्दा जोडते: कंपन्यांच्या शेजारी असणे हे मदत मिळण्यासाठी पुरेसे नसते. सांविधानिक हक्क व शासकीय सेवा यांची जागा ऐच्छिक निवडीवर चालणारा निधी घेऊ शकत नाही, हाही टीकेचा एक प्रमुख मुद्दा आहे.

केंद्र शासनाने नेमलेल्या आणि इंजेती श्रीनिवास यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१९ मध्ये अहवाल सादर केला. स्थानिक परिसर व राष्ट्रीय प्राधान्ये यांत समतोल, अखर्चित रकमेसाठी वेगळे खाते आणि परिणाम-मूल्यमापन या तिच्या शिफारशींपैकी काही पुढे नियमांत आल्या.

निवड अधिक गरजाधारित व्हावी यासाठी साधारणपणे पुढील उपाय सुचविले जातात:

- प्रकल्प ठरविण्यापूर्वी रहिवाशांच्या सहभागाने गरजांची पाहणी करणे
- एका वर्षाच्या कार्यक्रमांऐवजी बहुवार्षिक प्रकल्प घेणे, ज्यामुळे परवानग्यांना लागणारा वेळ गृहीत धरता येतो
- एकाच परिसरातील कंपन्यांनी निधी एकत्र करून मोठे काम हाती घेणे. नियमांनुसार असे सहकार्य करता येते
- देखभालीच्या खर्चाची तरतूद आरंभीच करणे
- लावलेल्या झाडांऐवजी जगलेल्या झाडांची आणि बांधलेल्या शौचालयांऐवजी वापरात असलेल्या शौचालयांची संख्या जाहीर करणे

हेही पाहा

- आरे दुग्ध वसाहत
- कंपनी अधिनियम, २०१३
- मुंबई मेट्रो मार्ग ३
- विश्वस्तता
- संजय गांधी राष्ट्रीय उद्यान